सोलापूरचे तेलुगू भाषाद्वीप : लोकसंख्येचा इतिहास

एखाद्या भाषेच्या सलग प्रदेशापासून तुटून, अन्य भाषांच्या मुलखात वसलेल्या आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा, विवाहसंबंध व व्यवसाय टिकवून राहिलेल्या लोकवस्तीस भाषाद्वीप अशी संज्ञा आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकरांची वस्ती हे महाराष्ट्रातील अशा भाषाद्वीपाचे ठळक उदाहरण होय. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, पद्मा नगर, कुचन नगर हा या वस्तीचा मुख्य टापू. पाण्याने वेढलेले स्थळ सोलापुरात आहे; ते म्हणजे सिद्धेश्वर तलावातील मंदिर. परंतु लोकसंख्येच्या अभ्यासकाला शोधावे लागणारे बेट हे त्या तलावाच्या पूर्वेस, मागांच्या खडखडाटात आहे.

लोकसंख्याशास्त्रात लहान बेटांवरील समाजांना विशेष महत्त्व दिले जाते. जन्म, मृत्यू, आगमन व निर्गमन या चार बाबींची नोंद तेथे नेमकेपणाने करता येते आणि जमाखर्च पुरा जुळतो. दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन द कुन्हा या बेटाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १८१६ नंतर वसलेल्या या बेटाची सारी लोकसंख्या मूठभर कुटुंबांपासून वाढली आणि ती मोजक्याच आडनावांत सामावलेली आहे. १९६१ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तीनशेहून कमी असलेले हे सर्व लोक इंग्लंडला हलविण्यात आले व १९६३ मध्ये बहुतेक परतले. अशा समाजात मोजणीतून कोणी सुटत नाही. भाषाद्वीपाचे तसे नाही. त्याचा किनारा म्हणजे घरात बोलली जाणारी भाषा. हा किनारा पिढीगणिक सरकतो व मोजणाऱ्याच्या प्रश्नागणिक बदलतो. सोलापूरच्या तेलुगू समाजाची लोकसंख्या किती, या साध्या प्रश्नाला जनगणनेच्या दीडशे वर्षांत एकच एक उत्तर मिळालेले नाही, याचे कारण हेच.

सोलापूर हे मराठी व कन्नड यांच्या सीमेवरील शहर आहे. येथील कन्नड भाषकांस भाषाद्वीप म्हणता येत नाही. बाराव्या शतकातील वचनकार सिद्धरामेश्वर यांच्या काळापासून कन्नड ही येथील भूमीचीच भाषा असून तिचा प्रदेश दक्षिणेस विजापूर व आग्नेयेस गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) जिल्ह्यांशी सलग आहे. तेलुगूची गोष्ट वेगळी. तिचा सलग प्रदेश सोलापूरच्या बराच पूर्वेस सुरू होतो आणि मध्ये गुलबर्गा-बीदरचा कन्नड व धाराशिवकडील मराठी मुलूख पसरलेला आहे. हा मुलूख ओलांडून करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या तेलंगणातील जिल्ह्यांतून पद्मशाली व अन्य विणकर सोलापुरास आले. त्यांत पद्मशालींची संख्या सर्वांत मोठी. तोगटी विणकर, तसेच कन्नडशी जवळीक असलेले कुरुहिनशेट्टी, मराठी भाषक स्वकुळ साळी व मुसलमान मोमीन हेही येथील जुन्या विणकर समाजांपैकीच आहेत. सोलापूरचा माग एकट्या पद्मशालींनी चालविला, असा समज पुष्कळदा दिसतो. तो खरा नाही.

विणकरांचे हे आगमन एका लाटेत झाले नाही. शेतकरी जमिनीला बांधलेला असतो, विणकर सुताला. सूत जेथे स्वस्त व कापडाला गिऱ्हाईक जेथे जवळ, तेथे माग उचलून नेता येतो. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर हे असे ठिकाण बनत होते. ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली व १८७१ पर्यंत रायचूरला भिडली. १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद हा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि तेलंगणाची वाट एकदम जवळची झाली. त्याच सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली व १८७७ मध्ये तिची गिरणी चालू झाली. ही गिरणी पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू इ. गिरण्या निघाल्या. गिरण्यांनी हातमाग बुडविला, हा सर्वसाधारण सिद्धांत सोलापुरास जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे गिरणीने हातमागाला सूत पुरविले, गिरणीतील पगाराने त्याच घरातील दुसऱ्या माणसाचा आधार झाला, आणि नऊवारी लुगड्यांच्या रुंद काठांसाठी हातमागाची मागणी दीर्घकाळ टिकून राहिली.

१८७६–७८ चा दुष्काळ हा या वस्तीच्या इतिहासातील पहिला निर्णायक प्रसंग मानावा लागेल. त्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याची अपरिमित हानी झाली. १८७२ मध्ये सात लाखांच्या पुढे असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्ये सु. ५,८२,००० वर आली. शहराची लोकसंख्या मात्र त्याच काळात सु. ५४,००० वरून ६०,००० च्या आसपास गेली. खेडी रिकामी होत असताना शहर वाढले, याचा अर्थ उघड आहे. ही वाढ जन्मांची नव्हे; ती आलेल्या माणसांची होती. आलेल्यांत जिल्ह्यातील निराधार शेतमजूर होते, तसे दूरचे विणकरही होते. दुष्काळात विणकराची स्थिती शेतकऱ्यापेक्षा एका अर्थी अधिक बिकट असे. धान्य महागले की लोक प्रथम कापड घेणे थांबवितात. शेतकरी सरकारी खडीकामावर जाऊ शके, पण विणकराचे हात दगड फोडून खरखरीत झाले की मागावर सुताचे तुटलेले धागे सांधणे त्याला जमत नसे. १८९६–९७ च्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यावे, यासाठी लोकमान्य टिळकांनी प्रयत्न केले ते यामुळेच. दुष्काळनिवारणाच्या चर्चेत विणकरांचा स्वतंत्र प्रश्न येथून पुढे वारंवार दिसतो.

यानंतर प्लेग आला. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७५,२८८ होती. १९११ मध्ये ती सु. ६१,००० नोंदली गेली आणि १९२१ मध्ये एकदम १,१०,००० च्या पुढे गेली. हे आकडे जसेच्या तसे घेतले, तर दहा वर्षांत शहर सुमारे एकपंचमांशाने ओसरले व पुढील दहा वर्षांत, इन्फ्ल्यूएंझाची भयंकर साथ मध्ये येऊनही, जवळजवळ दुप्पट झाले, असे म्हणावे लागेल. तसे घडले नसावे. प्लेगच्या काळात दख्खनमधील शहरांतील लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत किंवा गावी परतत, आणि नेमक्या अशा वेळी गणती झाली की शहराचा आकडा खाली येई. १९११ चा आकडा असा आजारी आकडा आहे. तो बाजूला ठेवून १९०१ ते १९२१ ही वीस वर्षे एकत्र घेतली, तर वाढ सुमारे दीडपट ठरते आणि ती गिरण्या व माग यांच्या विस्ताराशी सुसंगत आहे. तेलुगू वस्तीबाबत याचा अर्थ असा, की तिच्यातील एक भाग त्या काळी अजून स्थिर झालेला नव्हता. तेलंगणातील गाव ही त्याची संकटकाळची जागा होती, आणि प्लेग आला की तो तिकडे जाई.

पुढे ही वस्ती स्थिर झाली, ती घरातील मागामुळे. येथे सोलापूर व मुंबई यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात पुरुष एकटा येई. बायकामुले कोकणात वा घाटावर राहत. १९२१ मध्ये मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सु. ५२५ स्त्रिया होत्या. सोलापूरच्या विणकराला असे एकटे येणे परवडत नसे. हातमाग चालविणारा पुरुष एक असला, तरी त्याच्यामागे कांड्या भरणे, ताणा करणे, सुताला खळ देणे, तुटके धागे जोडणे ही कामे स्त्रिया व मुले करीत. या कामांची मजुरी वेगळी मिळत नसे. ती लुगड्याच्या दरातच धरलेली असे. माणूस एकटा आला, तर त्याला हीच कामे पैसे देऊन करून घ्यावी लागत आणि हातात काही उरत नसे. त्यामुळे तेलंगणातून कुटुंबे आली, गिरणी कामगारांसारखी सुटी माणसे आली नाहीत. स्त्री-पुरुष प्रमाण संतुलित राहिले, लग्ने लवकर होत आणि मूल सात-आठ वर्षांचे झाले की मागाच्या कामाला लागे. या वस्तीच्या जननप्रमाणाचा विचार या अर्थव्यवहारापासून अलग करता येणार नाही.

घरच्या मागाची दुसरी बाजू म्हणजे कारखानदाराकडून घेतलेली उचल. सुताची व कापडाची बाजारपेठ हाती असलेला कारखानदार विणकराला आगाऊ रक्कम देई. ती फिटेपर्यंत विणकराने दुसरीकडे जायचे नाही, असा संकेत असे. ती सहसा फिटत नसे. भाषाद्वीप एकत्र राहिले याचे श्रेय संस्कृतीला देण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य आहेच. परंतु उचलीनेही माणसे एका पेठेत बांधून ठेवली, हे नोंदविणे आवश्यक आहे.

विवाहाच्या बाबतीत हा समाज दीर्घकाळ दोन मुलखांत राहत होता असे म्हणता येईल. मामा व भाची, तसेच आते-मामे भावंडे यांचे विवाह तेलुगू समाजात पूर्वापार मान्य असून अशा नात्यातील विवाहास तेलुगूत ‘मेनरिकम’ म्हणतात. बहीण तेलंगणात दिलेली असली, तर तिची मुलगी सोलापुरात सून म्हणून येई. सोलापूरची मुलगी त्याच वाटेने परत जाई. त्यामुळे भाषा मुलांच्या कानावर ताजी राहिली. घरात येणारी प्रत्येक नवी सून तेलंगणातील बोली घेऊन येत असे. मार्कंडेय ऋषी हे पद्मशालींचे मूळ पुरुष मानले जातात व नारळी पौर्णिमेस त्यांचा रथोत्सव शहराच्या पूर्व भागातून निघतो. त्याच दिवशी यज्ञोपवीत बदलण्याचा विधी होतो. भाद्रपद-आश्विनात स्त्रिया बतुकम्माचा फुलांचा उत्सव मांडतात. पेठांतील बोलीत मात्र मराठी व कन्नड शब्द इतके मिसळले आहेत, की हैदराबादच्या माणसाला ही तेलुगू ओळखीची वाटूनही चमत्कारिक वाटते.

आता मोजणीकडे वळू. जनगणनेने या समाजाला तीन वेगवेगळ्या रकान्यांत धरण्याचा प्रयत्न केला. पहिला रकाना जातीचा. जातिनिहाय आकडे १९३१ पर्यंत प्रसिद्ध झाले. १९४१ मध्ये ते पूर्णत्वाने मांडले गेले नाहीत आणि १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती वगळता जातीची नोंद थांबली. त्यामुळे सोलापूरच्या पद्मशालींची संख्या गेल्या सु. नव्वद वर्षांत कोणत्याही जनगणनेने दिलेली नाही. दुसरा रकाना जन्मस्थानाचा. यात पहिली पिढी ‘हैदराबाद संस्थान’ म्हणून दिसते, तिची सोलापुरात जन्मलेली मुले मात्र स्थानिक ठरतात. समाज वाढत जातो आणि या रकान्यात तो घटत जातो. तिसरा रकाना मातृभाषेचा. तो या अभ्यासास सर्वांत जवळचा आहे, पण तोही निर्दोष नाही. तेलुगू बोलणारे सर्व विणकर नव्हेत. शहरात मोची, वडार इ. अन्य तेलुगू भाषक समाजही आहेत. उलटपक्षी, मराठी शाळेत शिकलेला व मराठीत व्यवहार करणारा पद्मशाली प्रगणकाला आपली भाषा मराठी सांगण्याचा संभव असतो. तो त्या वेळी चुकीचे सांगतो, असे म्हणणेही धाडसाचे होईल.

या तिन्ही रकान्यांच्या पलीकडे जाण्याचे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले. रा. गो. काकडे यांचे सोलापूरच्या विणकर समाजांचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण १९४७ मध्ये, तर धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराविषयीचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम आकाराच्या एका भारतीय शहराचा इतका बारकाईने अभ्यास त्या काळी क्वचितच झाला असेल. शहरातील माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा व कोणत्या धंद्यातला हे एकाच कुटुंबाच्या पातळीवर तपासल्याशिवाय त्याची दारिद्र्याशी असलेली गाठ उलगडत नाही, ही दृष्टी या अभ्यासांनी दिली. जनगणनेच्या तक्त्यात माग हा नुसता व्यवसाय दिसतो. येथे तो घराचा एक रहिवासी म्हणून दिसतो, आणि अनेक खोल्यांत माणसांपेक्षा जास्त जागा त्यानेच व्यापलेली असते.

निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, विशेषतः १९४७–४८ मधील रझाकारांच्या धामधुमीत, हैदराबाद संस्थानातून मोठ्या प्रमाणावर लोक सोलापुरास आले. त्यांत मराठी व कन्नड भाषकांबरोबर तेलुगूही होते. १९४१ मध्ये दोन लाखांच्या पुढे गेलेली शहराची लोकसंख्या १९६१ मध्ये ३,३७,५८३ व १९७१ मध्ये ३,९८,३६१ झाली. याच काळात वस्तीचे स्वरूप आतून पालटले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, लुगड्यांऐवजी जेकार्ड चादरी व टॉवेल विणले जाऊ लागले. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. यंत्रमागाने पुरुषाला बारा-बारा तासांचा पाळीकामगार बनविले आणि घरातील स्त्रीच्या हातची कांडी काढून घेतली. ती स्त्री विडीकडे वळली. तंबाखू व पाने घरी आणून, सूप मांडीवर घेऊन हजारोंच्या संख्येने या पेठांतील स्त्रिया विड्या वळू लागल्या. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा व १९७६ मध्ये कल्याणनिधीचा कायदा झाला. कुटुंबातील उत्पन्नाचा नेमका आधार कोण, हा प्रश्न तेव्हापासून उलटा विचारावा लागतो. यंत्रमाग सुताच्या भावाबरोबर बंद पडतो. विडी चालू असते.

संस्थाजीवनात मात्र हा समाज या काळात वर आला. पद्मशाली शिक्षण संस्था, कुचन प्रशाला, बुर्ला महिला महाविद्यालय, मार्कंडेय सहकारी रुग्णालय ही त्याची साक्ष होय. गंगाधर कुचन हे १९८० व १९८४ मध्ये आणि लिंगराज वल्याळ हे १९९६ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून आले. कामगारनेते नरसय्या आडम यांनी १९७८, १९९५ व २००४ मध्ये विधानसभेची निवडणूक जिंकली. जनगणनेने जे सांगितले नाही, ते मतदारयादीतील तेलुगू घराण्यांच्या आडनावांवरून राजकीय पक्षांनी केव्हाच मोजून ठेवले होते.

१९९१ मध्ये ६,०४,२१५ असलेली शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७२,४७८ झाली. ही वाढ पाहून सोलापूर पुन्हा भरभराटीस आले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. १९९२ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढून भोवतालची गावे शहरात आली, हे तिचे मोठे कारण आहे. पुढील दशकात, हद्द कायम असताना, लोकसंख्या ९,५१,५५८ पर्यंतच पोहोचली; म्हणजे वाढ केवळ ९ टक्क्यांची. जुन्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि तरुण माणसे पुणे, हैदराबादकडे जात होती. विणकरांची एक शाखा भिवंडी व सुरतेत पूर्वीच स्थिरावली आहे. तेलंगणातून सोलापूरकडे येणारा प्रवाह आटला, आणि ज्या लोहमार्गाने आजोबा आले, त्याच मार्गाने नातू नोकरीसाठी हैदराबादला जाऊ लागला. महानगरपालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत; पण पालकांचा ओढा मराठी व इंग्रजी माध्यमांकडे आहे.

शहराच्या मंद वाढीचा आणखी एक धागा हद्दीबाहेर सापडतो. स्त्री विडी कामगारांसाठी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभारण्यात आली व २००६ मध्ये घरे त्यांच्या ताब्यात देण्यात आली. कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यात असल्याने तेथे राहावयास गेलेली कुटुंबे २०११ मध्ये शहराच्या आकड्यात मोडली नाहीत, जरी त्यांचे कारखाने, सासर-माहेर व मार्कंडेयाचे मंदिर शहरातच राहिले. त्याच परिसरातील रे नगर या ३०,००० घरांच्या असंघटित कामगार वसाहतीपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. २०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली असून तीत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद करण्याचे केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. पद्मशालींचा आकडा त्यातून मिळू शकेल. तो सोलापूर शहराखाली किती व कुंभारीखाली किती, हे मात्र वेगळे पाहावे लागेल.